गुरुवारची किल्ली

आमच्या दारात सेफ्टी शूजचे दोन जोड दिसले की माझं डोकं फिरायचं. एक जोड पप्पांचा, टाचेला झिजलेला. दुसरा तिचा. पप्पा लाइनमन आहेत. कागदावर ठेकेदाराचे, पण खांबावर चढताना ठेकेदार बरोबर नसतो. आणि ती माझी मैत्रीण, चाकणला बॅटरीच्या कंपनीत टेस्टिंगला. ती आली की पप्पा स्वतःचे शूज भिंतीकडे सरकवून तिच्या शूजना जागा करायचे. माझ्या चपला तिथेच कुठेतरी असायच्या, एक उलटी, एक सुलटी. त्यांच्यासाठी कुणी काही सरकवलं नाही.

पत्रकं लिहून लिहून मला एक सवय लागली आहे. जे आहे ते पहिल्या चार ओळींत सांगून टाकायचं, लोक पाचवी ओळ वाचत नाहीत. तर सांगते. मी तिच्यावर जळत होते. मला हवं होतं एवढंच, की पप्पांनी जसं तिच्या कामाला काम म्हटलं तसं माझ्याही कामाला म्हणावं. त्यापायी मी एक खोटी ओळ छापली, आणि ती ओळ माझ्याच बापाच्या जिवावर उठली.

आम्ही दोघी एकाच टेबलामागे उभ्या राहून मोठ्या झालो. घडीचं टेबल, वर पत्रकांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर दगड. कधी थेरगावात डांगे चौकाजवळ, कधी शिफ्ट सुटायच्या वेळेला चाकणच्या चौकात. पाच-सहा जणांचा आमचा गट. विजेवर बोलायचो. छतावरचं सोलर कुणाला परवडतं, लाइट गेली की कुणाचं काय अडतं, डिझेलचा धूर कोण सोडतं आणि कोण ओढतं. पत्रक लिहिणं माझ्याकडे. वाक्य लहान, राग एक, मागणी एक, हे मी तिथेच शिकले. "वाकडच्या टॉवरांना लाइट गेलेली कळत नाही. कारण तळघरात डिझेल जळतं. धूर कुणाच्या नाकात जातो? विचारा." लोक चालता चालता थांबायचे, वाचायचे, घडी करून खिशात टाकायचे. मला वाटायचं, झालं, क्रांती खिशात गेली.

ती तेव्हा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होती. चाकणच्या पलीकडच्या गावातली, शेतकऱ्याच्या घरची. जमिनीचा एक तुकडा एमआयडीसीत गेलेला, उरलेल्यात कांदा. टेबलावर ती फार बोलायची नाही. कुणी विचारलं, "ताई, ढग आले की तुमचं सोलर काय करणार?" तर मी म्हणायचे, "ते सरकारला विचारा!" आणि ती म्हणायची, "चांगलं विचारलंत. बसा, सांगते." लोक तिच्यासमोर बसायचे. माझ्यासमोर उभेच राहायचे. तो फरक मी तेव्हाच पाहिला होता आणि पाहिला नाही असं स्वतःला सांगितलं होतं.

मग तिला नोकरी लागली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "चला, एक कंपनीवाली झाली."

ती हसली. "अगं, जाती कुठं मी? तू जे मागतीस ते बनवायला चालले."

हे वाक्य पत्रकात घालण्यासारखं होतं. ते मला सुचायला हवं होतं. आठवडाभर मला त्याचाच राग होता.

इथे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. बाहेरून आलेला माणूस हे ऐकून हसतो. रविवारी जग लोळत असतं तेव्हा आमच्याकडे कंपनीच्या बसगाड्या भरून जातात, आणि गुरुवारी सगळे घरी: गोधड्या धुणं, पोरांचे केस कापणं, गावाकडचे पाहुणे. कारखाने बंद म्हणून वीज कंपनीही तारांची आणि खांबांची कामं गुरुवारीच काढते. म्हणजे सगळं घर घरात, आणि नेमकी तेव्हाच लाइट गुल. शटडाऊन म्हटलं की इथल्या बायका आधी टाकी बघतात. पप्पांना मात्र गुरुवारी हमखास ड्युटी. शाळेत मला रविवारवाल्या मुलींचा हेवा वाटायचा, घरी आल्यावर गुरुवारवाल्यांचा. माझा बाप दोन्ही दिवशी खांबावर.

एकदा ती जेवायला आली. पप्पा भाकरी मोडत तिला म्हणाले, "काय बाई, तुमच्या त्या डब्यांत वीज भरून ठेवायलाव म्हणे. म्हणजे रांजणच की."

"रांजणच समजा काका," ती म्हणाली. "दुपारी ऊन लई, तवा वीज उतू जाती. सांजच्याला ऊन गेलं की समदे एकदम घरी येत्यात. तवा पाहिजे असती, तर सूर्य न्हाई. मधलं आमी भरतो."

"आन् भर दुपारी ढग आला तर?"

"तवा खरी परीक्षा. वीज झपकन खाली येती. बॅटरीनं त्याच घडीला हात दिला तर ठीक, न्हाई तर एक लाइन बसती, तिचा बोजा दुसरीवर, मग ती पण बसती."

"एक बैल बसला की दुसऱ्याची मान आवळते, तसं."

"अगदी तस्सं, काका!"

पप्पांचा घास हातातच राहिला होता. मग त्यांनी तिला गुरुवारची गोष्ट सांगितली. मी ती कधीच ऐकली नव्हती. "ही सुट्टी गुरुवारी कामून हाय, माहीत हाय का? सगळ्यांनी रविवारीच घेतली तर रविवारी वीज कुणी खाईना आन् बाकीच्या दिवशी पुरंना. म्हणून भागाभागाला वार वाटून दिले. आपल्या वाट्याला गुरुवार आला. बोजा वाटून घ्यायची ही जुनीच रीत हाय."

"मग आता तास वाटायचे," ती म्हणाली. "ऊन हाय तवा जड कामं. पंप दुपारी, भट्टी दुपारी, गाड्यांचं चार्जिंग दुपारी. आमच्याकडं काही वर्कशॉपनी सुरूही केलंय."

मला राहवेना. "आणि भट्टीवरच्या माणसाला विचारलं का कुणी? चैत्रात भर दुपारी भट्टीसमोर तो उभा राहणार आहे, तुमचा इंजिनिअर नाही."

तिनं घास खाली ठेवला. "न्हाई विचारलं. बरोबर बोलतीस तू."

पप्पा म्हणाले, "हिचं असंच हाय. ताटावर बसलं तरी भांडायलीच." आणि तिला म्हणाले, "तू जेव बाई."

मी बरोबर बोलले होते आणि तरी हरले होते. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून तारेवर टाकायची साखळी काढली. काम सुरू करायच्या आधी ती तारेवर अडकवतात, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती जमिनीत जाते. तिनं ती हातात घेऊन एकेक जोड तपासला, तारेला धरणाऱ्या एका क्लॅम्पकडे बोट दाखवलं, "काका, हा बदलून घ्या." त्यांनी मान हलवली. मी त्या घरात चोवीस वर्षं राहतेय. ती साखळी मला फक्त जड पिशवी म्हणून माहीत होती.

आमच्या बिल्डिंगच्या छतावर सोलर बसवायचं मी त्या जेवणानंतर मनावर घेतलं. प्रदूषण, हवामान, लोकांचा हक्क, ही सगळी कारणं खरी होती आणि ती मी सोसायटीच्या सभेत सांगितली. न सांगितलेलं कारण हे, की मला पप्पांना खांबावरून दिसेल असं काहीतरी करायचं होतं.

पत्रक लिहिलं. शेवटची ओळ मोठ्या टायपात:

"लाइट जाऊ द्या. आपली जाणार नाही!"

मसुदा तिला दाखवला, कारण गटाची तशी पद्धत होती. कुठलंही पत्रक दुसऱ्यानं वाचल्याशिवाय छापायचं नाही. तिनं तो पेन्सिल हातात घेऊन वाचला. त्या शेवटच्या ओळीभोवती वर्तुळ काढलं आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: "हे खरं नाही. बॅटरी नसेल तर शटडाऊनला पॅनेलही बंद पडतात. कारण सांगू का?"

ते "सांगू का" माझ्या डोक्यात गेलं. आता मला पण बसवणार समोर. ऊन असताना सोलर बंद पडतं हे मला मूर्खपणाचं वाटलं, आणि बॅटरीच्या कंपनीतली बाई बॅटरी घ्या म्हणणारच, हे फार शहाणपणाचं वाटलं. मी रबर घेतलं आणि खोडलं. नीट, दोन्ही हातांनी, कागद फाटू नये म्हणून एका हातानं दाबून धरून. कारण काय ते विचारलं नाही. तसंच छापायला दिलं.

सभेत ठराव झाला. चेअरमन काका देहूरोडहून, दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पत्रक हातात धरून त्यांनी ती शेवटची ओळ दोनदा वाचून दाखवली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टाळी वाजवली. पॅनेल बसले त्या दिवशी पप्पा छतावर आले, कमरेवर हात ठेवून फिरले.

"शटडाऊनला चालू राहणार म्हणतीस?"

"हो."

"मग ती वीज उलटी लाइनवर येणार नाही ना?"

"नाही हो पप्पा, सगळं ऑटोमॅटिक आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. तू वाचलं असशील."

एवढंच. पण मी ते वाक्य दिवसभर तोंडात घोळवत होते. तू वाचलं असशील. ज्या कागदावर ते वाचायला मिळालं असतं तो मी माझ्या हातानं खोडला होता.

मग गुरुवार आला.

सकाळी दहाला लाइट गेली. सगळे मुद्दाम जिन्यात आले होते, जसं काही गणपती येणार आहेत. छतावर ऊन असं की पॅनेलकडे बघवत नव्हतं. जिन्यातली ट्यूब मात्र काळी ती काळीच. एक मिनिट. दोन. मग वरून काकूंचा आवाज आला.

"अगं ए सूर्यकन्ये! माझी मशीन गोधड्या पोटात घेऊन बसली की गं! आता काय सिझेरियन करू?"

"अहो थांबा, गरम होत असतील पॅनेल," कुणीतरी म्हणालं.

"गरम तर झालेतच," चेअरमन काका म्हणाले. "पापड भाजून निघतील."

कंपनीत जाणारा शेजारचा एक जण दारातूनच म्हणाला, "ताई, सूर्याला पण गुरुवारची सुट्टी असती काय ओ?"

सगळा जिना हसला. मी पण हसले, तसं हसावं लागतं तेव्हा हसतात तसं. मग खोलीत गेले. तिला फोन करायला हवा होता. तिच्या नावापर्यंत बोट गेलं आणि तिथून मागे आलं. त्याऐवजी मी जे मला येतं ते केलं. अर्ध्या तासात पॅनेल बसवणाऱ्यांच्या विरोधात नवं पत्रक लिहून काढलं: "छतावरची फसवणूक." लहान वाक्यं, एक राग, एक मागणी. फार चांगलं झालं होतं.

ते छापण्याआधी तळमजल्यावरचा वायरमन भाऊ भेटला. चांगला माणूस, बिल्डिंगची बारीकसारीक कामं तोच करतो. म्हणाला, "ताई, फसवणूक-बिसवणूक काही नाही. पॅनेलला आधी लाइन दिसावी लागते. लाइन दिसली नाही की ते झोपतं. आपण त्याला जनरेटरची लाइन दाखवू. त्याला काय कळतंय, ही कंपनीची की आपली?"

आमचा जनरेटर छोटा, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरता, वेगळ्या वायरीवर. त्याचं म्हणणं, जनरेटरची वायर थेट बिल्डिंगच्या मेन बोर्डाला जोडायची. गुरुवारी मेन स्विच हातानं पाडायचा, जनरेटर चालू करायचा, पॅनेल जागं होईल आणि सगळ्या घरांत लाइट.

"आणि मेन पाडायला विसरलं तर?" चेअरमन काकांनी विचारलं.

"विसरतंय कोण! मी आहे ना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोलर माझं, म्हणून शब्द माझा. का झोपतं, हे मी तेव्हाही विचारलं नाही. मला पुढच्या गुरुवारी माझी ओळ खरी झालेली हवी होती, काकूंच्या मशीनसकट.

"करा," मी म्हणाले.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी वायर लागली. पप्पा कामावरून आले, मीटरच्या खोलीसमोरून जाताना थांबले. आत गेले. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत, म्हणून मी गेले. ते त्या नव्या वायरीवर हात न लावता बोट फिरवत होते, जनरेटरपासून बोर्डापर्यंत.

"कुणी केलं हे?"

वायरमन भाऊ मागून म्हणाला, "काका, ताईंनीच सांगितलं. म्हटलं उद्या बघू चालवून."

पप्पा माझ्याकडे वळले नाहीत. खिशातून फोन काढला आणि तिला लावला. "बाई, जरा येतीस का? आमच्याकडं एक वायर हाय. तूच बघ."

मी हाताच्या अंतरावर उभी होते. आणि खरं लिहायचं तर मला पहिल्यांदा भीती वाटली नाही, शरम वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं ते हे, की तिला का?

मोशी, भोसरीची गर्दी काढत ती आली तोवर मीटरच्या खोलीसमोर बरेच जण जमले होते. कंपनीच्या कपड्यांतच होती. बोर्ड बघितला, आधी जनरेटरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली, मग बोलली.

"कुणी चालू केला न्हाई ना अजून?"

"नाही."

"बरं झालं."

"पण धोका काय आहे ते तरी सांगा," चेअरमन काका म्हणाले. "शॉक आम्हाला बसेल का?"

"तुमाला न्हाई," ती म्हणाली, आणि तिनं पप्पांकडे पाहिलं.

पप्पांनी सांगितलं. पप्पा सभेत कधी बोलत नाहीत. "गल्लीच्या तोंडाला डीपी हाय, ट्रान्सफॉर्मर. ती काय करती? वरच्या मोठ्या लाइनची वीज बारीक करून तुमच्या घरात देती. आता मेन पाडायचा राहिला आन् जनरेटर चालू झाला, तर तुमची वीज उलटी डीपीत जाती. मग तीच डीपी तिला मोठी करून वर पाठवती. वरच्या लाइनवर. आम्ही परमिट घेतलेलं असतंय, लाइन मेली म्हणून कागदावर सही असती." त्यांनी बोट वर केलं. "वर मी असतो."



"म्हणून पॅनेल झोपतं," ती म्हणाली. "तो बिघाड न्हाई. लाइन मेली की वर कुणी तरी चढलं असंल, असं धरूनच ते गप होतं. तसंच बनवलेलं असतंय."

"मी पाडला असता ओ मेन," वायरमन भाऊ हळूच म्हणाला.

"पाडला असतास रे," पप्पा म्हणाले. "उद्या पाडला असतास. पुढच्या गुरुवारी पाडला असतास. एका गुरुवारी तुला ताप येणार, दुसरा कुणी तरी जनरेटरची किल्ली फिरवणार. आम्ही साखळी टाकतो तारेवर. पण साखळी टाकायला बी तारेजवळ जावंच लागतंय."

चेअरमन काकांनी खिशातून ते पत्रक काढलं. अजून होतं त्यांच्याकडे. "पण मग हे? लाइट जाऊ द्या, आपली जाणार नाही?"

मी तोंड उघडायच्या आत ती बोलली. "एक ओळ लिहायची राहून गेली काका. दोघींनी वाचलं होतं. दोघींची चूक हाय."

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ज्या नजरेनं त्या दिवशी साखळी तपासताना पाहिलं होतं त्याच नजरेनं. मी गप्प बसले असते तर विषय तिथे मिटला असता. पण तिची हुशारी मी कशीबशी सोसत होते. तिचा चांगुलपणा सोसेना. माझी चूकसुद्धा ती अर्धी घेऊन जाणार? मी वर गेले, फाइलमधून मसुदा काढला आणि पप्पांच्या हातात दिला.

"राहून गेली नव्हती. हिनं लिहून दिलं होतं. मी खोडलं."

त्यांनी कागद बल्बखाली तिरका धरला. रबरानं शिसं जातं, पेन्सिलचा दाब जात नाही. वर्तुळ दिसत होतं. अक्षरंही लागत होती.

"कामून खोडलंस?"

"हिनं सांगितलं म्हणून."

कुणीतरी खाकरलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं पप्पा ओरडतील. त्यांनी कागदाची घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "उद्या माझं काम आपल्याच डीपीवर हाय."

मग पिशवी उचलून जिना चढले.

वायर त्याच वेळी निघाली. तिनं आणि वायरमन भाऊनं मिळून काढली, मी टॉर्च धरला. काढता काढता तिनं लोकांना सांगितलं, की बॅटरी घ्या, पण सगळ्यांसाठी घ्यायला जाऊ नका. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, लिफ्ट, तेवढंच. आणि असा स्विच घ्या की जो एका वेळी एकच लाइन धरतो, आपली नाही तर बाहेरची. माणसानं विसरायची सोयच नको.

"आणि माझी मशीन?" काकू.

"मशीन बुधवारी दुपारी लावा काकू. तवा ऊन तुमचंच हाय."

"बुधवारी दुपारी मी कामावर असते गं."

तिला उत्तर सुचलं नाही. मला बरं वाटलं. आणि मग मला एवढ्यावर बरं वाटतं याचं वाईट वाटलं. शेवटी काकूंच्या मशीनची वेळ मीच बसवली. शेजारणीला किल्ली द्यायची, शेजारणीची मशीन शनिवारी काकूंनी लावायची. ही असली वाटणी मला जमते. ती पत्रकात आली. ते पत्रक लांब झालं, मोठ्या टायपात काही नव्हतं, पहिली ओळ होती: "शटडाऊनला आपले पॅनेल बंद राहतील. कारण वर माणूस असतो." मसुदा तिला दिला. तिनं दोन वर्तुळं काढली. एक मी मान्य केलं. दुसऱ्यावर भांडले, तासभर. ती ओळ भट्टीवरच्या माणसाची होती: दुपारची पाळी लावताना त्याला कोण विचारणार? तिला वाटत होतं ते या पत्रकात नको. मी ती ठेवली. पुढे तिनं तोच प्रश्न चाकणला एका वर्कशॉपात विचारला आणि म्हणे तिथे भट्टीजवळ हवा खेळती केली, पाळी लहान केली. मी इतकी वर्षं टेबलामागून ओरडत होते. तिनं एकदा विचारलं. घ्या.

बॅटरी आणि तो स्विच यायला काही महिने गेले. तोवर कुणी ती वायर पुन्हा जोडू नये म्हणून पप्पांनी जनरेटरला स्वतःचं कुलूप लावलं. सोसायटीत कुरकुर झाली, गुरुवारी लिफ्ट नाही, पंप नाही. पप्पा म्हणाले, "लाइनवाल्यांची रीत हाय. ज्याचा हात तारेवर, त्याच्या खिशात किल्ली."  काम संपवून ते खाली उतरायचे, तेव्हा कुलूप उघडायचं, पंप लावायचा, आणि संध्याकाळच्या पाण्याची सोय व्हायची. कारण ते उतरले तरी परमिट परत करून लाइट यायला बऱ्याचदा आणखी तासभर जायचा.

मसुद्याबद्दल ते घरात पुन्हा बोलले नाहीत. तो कागद त्यांनी परतही दिला नाही. मी गुरुवारी डीपीखाली जाऊन उभी राहू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. किल्ली खिशात घेऊन ते स्वतःच बिल्डिंगपर्यंत चालत जायचे, मी मागून. असे बरेच गुरुवार गेले.

एका गुरुवारी ती पण आली. दोघी खांबाखाली उभ्या. वर पप्पा, तारेवर साखळी, साखळीला नवा क्लॅम्प. आमच्या छतावर पॅनेल चकचकत होते आणि एक दिवासुद्धा लावत नव्हते. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला पहिल्यांदा ते झोपलेले आवडले.

साडेतीनला साखळी निघाली. पप्पा उतरले, ग्लोव्हज काढले, घाम पुसला आणि खिशात हात घातला. किल्ली बाहेर आली. समोर आम्ही दोघी. मी स्वतःला आधीच सांगून ठेवलं, की तिलाच देतील, साहजिक आहे, ती जाणती आहे.

त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली.

"जा, उघड. पण आधी वर बघ, कुणी राहिलंय का."

मी वर पाहिलं. खांब रिकामा होता. पुढचा खांबही पाहिला, त्याच्या पुढचाही. मग मी म्हणाले, "कुणी नाही."

"जा मग."

मी निघाले. मागे त्या दोघांचं लगेच सुरू झालं, त्या क्लॅम्पवरून. ती काहीतरी म्हणाली आणि पप्पा मोठ्यांदा हसले. माझ्याबरोबर ते असे हसत नाहीत. गल्लीच्या तोंडापासून बिल्डिंगपर्यंत मी दोनदा वळून पाहिलं. दुसऱ्या वेळी काकू गॅलरीतून ओरडल्या, "अगं, मागं काय बघतेस, पाणी सोड!"

किल्ली घामानं ओली होती, त्यांच्या. मी कुलूप उघडलं.